दुपारचा शो आणि साडेपाचची घाई

खानावळवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, प्रस्तावना मात्र लांबणार. तुमच्या गावच्या थिएटरात बायकांची वेगळी खिडकी होती का? आणि घरातल्या बाईला कुठला शो परवडायचा? पैशाने नव्हे, वेळेने.

मी लालबागची. परळ-लालबागच्या नाक्यावर भारतमाता, पुढे जयहिंद, मार्केटपाशी गणेश टॉकीज, उलट दिशेला चालत गेलं की हिंदमाता. दादरला प्लाझा, चित्रा, कोहिनूर, पण तिकडे जायचं म्हणजे साडी बदलून. लालबागच्या थिएटरात आम्ही घरच्या कपड्यांवर जायचो. भारतमाता तर मिलच्याच जागेत उभं. भोंगा आणि सिनेमाची घंटा दोन्ही एकाच रस्त्यावर वाजणार.

आईची खानावळ होती. दहा बाय बाराचा गाळा, त्यात आम्ही पाच जण, आणि जेवायला बाहेरची पंधरा-सोळा माणसं. कोकणातली, साताऱ्याकडची. बायको-पोरं गावी, इथे बैठकीच्या, म्हणजे एकट्या पुरुषांनी मिळून घेतलेल्या, खोलीत वळकटी टाकून राहायचे. पहिली पाळी सकाळी 7 ते दुपारी साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री 12, मग रातपाळी. आईचं घड्याळ म्हणजे या तीन पाळ्या. रातपाळीवाला सकाळी जेवून झोपणार, दुसऱ्या पाळीवाला दुपारी जेवून जाणार आणि त्याचा संध्याकाळचा डबा मिलच्या गेटवर पोचवायचा. या सगळ्यात आईला मोकळीक मिळायची ती दुपारची भांडी पडल्यावर, तीनच्या सुमाराला. म्हणून तीनचा शो. आणि साडेपाचला स्टोव्ह पेटलाच पाहिजे, नाहीतर डबे चुकले.

आता हिशेब करा. शो सुटणार सहाच्या आसपास. म्हणजे आमच्या आईने आयुष्यात जेवढे सिनेमे पाहिले त्यातल्या बहुतेकांचा शेवट पाहिलाच नाही. व्हिलनला पकडायला जीप निघाली की ती पदर खोचायची आणि मला कोपराने ढोसायची, "चल, कणीक मळायचीय." मी रडायचे. डोअरकीपरला हे ठाऊक होतं. तो दार पूर्ण उघडायचा नाही, आम्ही जाऊ एवढीच फट करायचा.

मग शेवट कळायचा कसा? जेवणाऱ्यांकडून. रात्री पंगत बसली की आई वाढता वाढता विचारायची, "अहो, मग त्या मुलीचं काय झालं?" ज्याने सिनेमा पाहिला असेल तो सांगायचा. सांगण्याचे प्रकार माणसागणिक वेगळे. सावंतवाडीकडचे एक मामा होते, ते सगळे सिनेमे लग्नात संपवायचे. मेलेल्या माणसाचंही लग्न लावून द्यायचे. आईला आवडतं म्हणून सांगत असणार. साताऱ्याकडचे एक भाऊ उलट, त्यांना मारामारीशिवाय काही आठवायचं नाही, पण ती मारामारी ते ताटातली भाकरी सोडून हातवारे करत सांगायचे. दोघांनी एकच सिनेमा पाहिलेला असला की आमच्या घरी त्याला दोन शेवट.

'शोले'चा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हाला लागला होता, 15 ऑगस्ट 1975 पासून पुढे पाच वर्षं हलला नाही. 70 एमएमचा पडदा, आवाज चारी बाजूंनी. आईला तिथे जायचं म्हणजे बसने जाणं-येणं धरून अख्खी दुपार, त्यात सिनेमा सव्वातीन तासांच्या वर. साहजिकच आम्ही मधूनच उठलो. अमिताभ जिवंत असताना! आईला कितीतरी दिवस तो मेला हेच पटलं नव्हतं, कारण मामांनी त्याचं लग्न लावून दिलं होतं.

पण खरा वाद गब्बरचा. सगळे सांगत, पोलीस येतात आणि धरून नेतात. साताऱ्याचे भाऊ एकटे हटून बसले, "नाय वहिनी, ठाकूर त्याला खिळ्याच्या बुटानं तुडवून मारतो." पंगत हसली. तू झोपला होतास म्हणाले. भाऊंनी स्वतः ते पाहिलं नव्हतं, मिलमधल्या त्यांच्या खात्यातल्या कुणाकडून तरी ऐकलं होतं. पुढे अनेक वर्षांनी आम्हाला समजलं की मूळ शेवट तसाच चित्रित झाला होता. आणीबाणीचे दिवस, सेन्सॉरला माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेतलेला नको होता, म्हणून बदलायला लावला. जुना शेवट नंतर व्हिडिओवर आला. तोवर भाऊ कधीच गावी गेले होते.

आता खिडकीचं. आमच्या इथल्या एका थिएटरात बायकांची खिडकी वेगळी होती, गल्लीच्या बाजूला, लोखंडी नळीच्या पिंजऱ्यात. पुरुषांची रांग रस्त्यापर्यंत आणि आमच्या रांगेत चार जणी. त्यामुळे हाऊसफुल्लच्या दिवशी मी म्हणजे सोन्याची कोंबडी. फ्रॉकच्या खिशात अख्ख्या चाळीचे पैसे. पिंजऱ्याच्या गजांतून अनोळखी हातही यायचे, "बाय, दोन अप्पर काढ ना." एका डोक्याला चारच तिकिटं द्यायचे, म्हणून मी रिबीन सोडून पुन्हा उभी राहायचे. बुकिंगवाला ओळखायचा. काही बोलायचा नाही, फक्त चष्म्यावरून बघायचा.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. महिन्या-दोन महिन्यांत माणसं गावाला निघून गेली, खानावळ बसली. आईच्या दुपारी मोकळ्या झाल्या आणि तिकिटाचे पैसे गेले. त्या वर्षात आम्ही एकही सिनेमा पाहिला नाही. आईने मग पापड-मसाल्याचं काम धरलं, त्याबद्दल दुसऱ्या धाग्यावर लिहिलंय.

तर सांगा. सिनेमे कुठले पाहिले ते नकोय, त्याच्या याद्या सगळीकडे आहेत. कोण कुठे बसायचं, कधी उठायचं, ते हवंय.

पेठेतला

ताई, आधी एक तक्रार. तुम्ही मिनर्व्हा म्हणालात की आम्हा पुणेकरांना मंडईतलं मिनर्व्हा आठवतं, लॅमिंग्टन रोडचं नाही. पण आमच्या मिनर्व्हाचं आता वाहनतळ झालंय. शेजारच्या आर्यनचंही तेच. आर्यन म्हणजे गंगाधरपंत पाठकांनी 1915 साली काढलेलं, पुण्यातलं पहिलं कायमचं सिनेमागृह. 1983 साली पाडलं. आज गणपतीच्या खरेदीला आलेला माणूस फोनवर ओरडतो, "गाडी आर्यनला लावलीय!" आणि आर्यन काय होतं हे त्याच्या गावीही नसतं. नाव टिकवण्याची ही पुणेरी पद्धत मला मनापासून आवडते. पाटी लावून टिकलं नसतं, पार्किंगच्या पावतीवर टिकलं.

आता तुमचा प्रश्न. आमच्या आजीचा शो मॅटिनी. अप्पा बळवंत चौकातलं प्रभात, जे 1934 साली उघडलं तेव्हा किबे लक्ष्मी थिएटर होतं आणि अलीकडे पुन्हा तेच नाव लागलं. आजी विधवा, लाल आलवणातली नव्हे पण तशाच शिस्तीतली. सिनेमाला जाणं हे तिच्या लेखी वेळ वाया घालवणं. यावर तिने तोड काढली होती. पिशवीत कापूस घेऊन जायची आणि अंधारात वाती वळत बसायची. बघायला डोळे लागतात, वातींना बोटं पुरतात. इंटरव्हलला दिवा लागला की शेजारणी वळलेल्या वाती बघून घ्यायच्या. हळूहळू तिच्या आसपास तीन-चार जणींची वात-मंडळीच जमली. एकदा त्यांच्या रांगेतला कापूस पंख्याने उडून पुढच्या रांगेतल्या गृहस्थांच्या टकलावर बसला, तेव्हा काय झालं ते मी इथे लिहीत नाही. ते गृहस्थ अजून आहेत.

बायकांची वेगळी खिडकी आठवत नाही. आजोबांच्या वेळी असेल. आमच्या वेळी एकच खिडकी, आणि ती उघडण्याच्या बाबतीत पुणेरी होती एवढंच सांगतो.

रीळवाला

खानावळवाली बाई, तुमचं वाचून आधी राग आला, मग हसलो. कारण साडेपाचला दार उघडणाऱ्या त्या बायका मी वरून बघायचो.

मी 1974 पासून परळ-दादर पट्ट्यातल्या एका थिएटरात ऑपरेटरचा मदतनीस, पुढे ऑपरेटर. नाव सांगत नाही, मालकांची मुलं अजून भेटतात. केबिनमधून खाली फक्त डोकी दिसतात. दुपारच्या शोला शेवटच्या दोन रिळांत दार किलकिलं व्हायचं, बाहेरच्या उन्हाची पट्टी सरळ पडद्याच्या कोपऱ्यावर. क्लायमॅक्सची रात्र असायची आणि कोपऱ्यात भर दुपार! आमचे हेड ऑपरेटर शिव्या घालायचे. मला वाटायचं या बायकांना सिनेमाच कळत नाही. डब्यांचं हे आज कळलं.

एक गोष्ट तुमच्या हिशेबात राहिली. तीनचा शो तीनला सुरू व्हायचा, सिनेमा नाही. आधी स्लाइडी. कुठल्याशा टेलरची, साबणाची, "कृपया धूम्रपान करू नये"ची. मग फिल्म्स डिव्हिजनची न्यूज रील, ती दाखवणं सक्तीचं होतं, पूर आणि धरणं आणि कुठल्या तरी मंत्र्याने कापलेली फीत. मग जाहिराती. म्हणजे खरा सिनेमा सव्वातीन ते साडेतीनच्या मध्ये कधीतरी. मिलमधून पहिली पाळी सुटली की धावत येणारे लोक याच भरवशावर यायचे. त्यांना न्यूज रील चुकली याचं दुःख कधीच नव्हतं. तुम्ही मात्र धरणं बघून शेवट सोडून गेलात. उलट केलं असतं तर बरं झालं असतं.

बाराच्या शोची गंमत सांगतो. अर्धा स्टॉल झोपलेला असायचा. रातपाळीचे लोक. खोलीवर दुपारी उकाडा, पोरांचा दंगा, आणि वळकटी दुसऱ्या पाळीवाल्याच्या ताब्यात. थिएटरात अंधार, पंखे आणि तीन तास कुणी उठवणार नाही. सर्वांत स्वस्त तिकीट काढायचे आणि टायटल संपायच्या आत घोरायचे. गोळीबार झाला तरी हलायचे नाहीत. पण मशीन बंद पडलं, आवाज थांबला, की एकदम जागे! आणि तेच पहिली शिट्टी मारणार.

मशीन बंद पडायचं कारण बहुतेक वेळा कार्बन. दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी, आत दोन कांड्या टोकाला टोक आणून जाळायच्या, त्या ठिणगीचा उजेड पडद्यावर. कांडी जळून आखूड होते, अंतर सांभाळत राहावं लागतं. चुकलं की पडदा पिवळा, मग तांबडा, मग खालून तुमच्या मामांची आरडाओरड. हजार-हजार फुटांची दोन रिळं जोडून एक मोठं करायचो, ते वीस-बावीस मिनिटं चालायचं. संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकतो. पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन चालू, दुसऱ्या ठिपक्याला झडप बदलायची. लोकांना तो ठिपका कधी दिसत नाही. मी आजही टीव्हीवर जुना सिनेमा बघताना तिकडेच बघतो, बायको म्हणते, गोष्ट बघा की जरा.

उरलेल्या कांड्यांवर तांब्याचा मुलामा असायचा. ती थोटकं भंगारात विकून आमचा चहा सुटायचा.

बायकांची खिडकी आमच्याकडेही होती. ती आधी बंद व्हायची, कारण तिथला कोटा लवकर ब्लॅकवाल्यांच्या हाती जायचा. रिबीन सोडून पुन्हा उभ्या राहणाऱ्या तुम्ही एकट्या नव्हता, काही जणी चांगल्या पगारावर होत्या.

खानावळवाली

रीळवाले, त्या उजेडाच्या पट्टीबद्दल आईच्या वतीने माफी. पण धरणं बघण्याबद्दल एक सांगते. आईला न्यूज रील आवडायची. तिच्या मते तिकिटात तेवढंच खरं होतं. कोयनेच्या बाजूचं काही दाखवलं की घरी येऊन ती साताऱ्याच्या भाऊंना सांगायची, "तुमचं गाव आलं होतं आज." त्यांचं गाव कधीच आलं नव्हतं, पण ते जेवताना खूश.

आणि पगारावरच्या जणींपैकी एक आमच्याच चाळीतली होती. तिने त्या पैशांत शिवणयंत्र घेतलं. नाव मीही सांगत नाही.

पेठेतले, वातींची कल्पना भारी आहे. आमच्या आईने शेंगा सोलून पाहिल्या होत्या, टरफलांच्या आवाजावरून भांडण झालं.

सरकारी क्वार्टर्स

आमची गोष्ट थिएटरची नाही, ड्राइव्ह-इनची. बांद्रा पूर्वेला सरकारी वसाहतीत वाढलो. आज जिथे काचेच्या इमारती आणि बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, आहे तिथे तेव्हा खाजण, चिखल आणि मिठी नदीचा वास. त्यात सत्तरच्या दशकाच्या अखेरीला एकदम ड्राइव्ह-इन थिएटर उभं राहिलं. उघड्यावर केवढा तरी पडदा, समोर गाड्यांचे चढ-उतार केलेले कप्पे, प्रत्येक कप्प्याला खांब आणि खांबावर स्पीकर. तो खिडकीच्या काचेवर अडकवायचा.

मुंबईत किती जणांकडे गाडी होती? आमच्या अख्ख्या वसाहतीत साहेबाची सरकारी जीप सोडली तर नाव नको. वडील मंत्रालयात कारकून. पण आईच्या माहेरचा एक मामा टॅक्सी चालवायचा, फियाट, काळी-पिवळी. त्याला गळ घातली. एका रविवारी तो रात्रीचा धंदा सोडून आला. पुढे मामा, वडील आणि मांडीवर मी, मागे आई, मामी, आजी, दोन बहिणी आणि स्टीलचा डबा. आमच्या अगोदरच्या गाडीत पांढरी लेदर सीट आणि कुत्रा. आमच्या गाडीला मीटर. गेटवरचा माणूस मीटरकडे बघत म्हणाला, "चालू आहे का?" मामाने मीटरवर हात ठेवून सांगितलं, "आज घरचं भाडं आहे."

काळोख झाल्याशिवाय सिनेमा सुरू होणार नाही, तोवर बायका डबा उघडून बसल्या. मागच्या सीटवर आजीला समोर काही दिसेना, मध्ये वडिलांचं डोकं. काच खाली केली तर डास, वर केली तर उकाडा आणि स्पीकरची तार अडकते. शेवटी आम्ही पोरं टपावर बसलो. मामाचा जीव टपाच्या रंगात अडकलेला, दर पाच मिनिटांनी बाहेर येऊन "टाचा घासू नका" म्हणायचा. त्यामुळे त्याने सिनेमा असा पाहिलाच नाही.

खानावळवाली ताई, घरातल्या बाईच्या वेळेचं विचारलंत ना? आमच्या आईचं मत होतं की ड्राइव्ह-इन हाच बायकांसाठी सर्वांत चांगला प्रकार. लेकरू रडलं तर कुणी वळून बघत नाही, डबा उघडता येतो, पाय वर घेऊन बसता येतं. फक्त टॅक्सी लागते, हे ती शेवटी हळूच जोडायची.

दोन हजारनंतर ते बंद झालं. नोव्हेंबर 2021 मध्ये त्याच भागात मॉलच्या गच्चीवर नवं ड्राइव्ह-इन सुरू झालं, 290 गाड्यांचं. मुलगा घेऊन गेला होता. आवाज आता गाडीच्या रेडिओवर येतो. एसी चालू, काचा बंद. मला तरी ते गाडीत बसून टीव्ही बघितल्यासारखं वाटलं. नातवंडं खूश होती, त्यांचं मत धरा.

साबरमतीकर

मी अहमदाबादचा मराठी. पणजोबा बडोद्याला आले, आजोबा इथल्या मिलच्या ऑफिसात, म्हणजे गिरणीचा भोंगा आमच्याही कानात आहे.

ड्राइव्ह-इन म्हणाल तर इथलं सनसेट 1973 पासूनचं. 665 गाड्यांची जागा. ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्याचं नावच ड्राइव्ह-इन रोड पडलं. आणि क्वार्टर्सवाले, टॅक्सीची गरज नव्हती, कारण गाडी नसलेल्यांना वेगळी बसायची जागा होती. आम्ही दोन स्कूटरवर सहा जण जायचो. गुजराती कुटुंबं मात्र अख्खं घर घेऊन येणार. गादी, चादरी, उशा, पाण्याचा माठ, थेपले, आणि छुंद्याची बरणी. गाडीच्या पुढे गादी अंथरून आजोबा आडवे, डोक्याखाली तक्क्या. शेजारच्या कुटुंबाने अनोळखी आईला ताट पाठवणं हे नेहमीचं. आई परत करताना ताट रिकामं कसं द्यायचं म्हणून आमच्या लाडवांतले चार ठेवायची. बेसनाचे लाडू बघून विचारायचे, "मगज छे?" मगज म्हणजे त्यांची बेसनाची मिठाई. आई म्हणायची, तसंच काहीतरी.

बायकांच्या खिडकीचं म्हणाल तर गावातल्या जुन्या थिएटरांत ती होती असं आई सांगायची. तिकडे ती एकटी जायची नाही, सोबत मावशी लागायची. ड्राइव्ह-इनला एकदा आत गेलं की कुणी कुणाकडे बघत नाही, हे तिला आवडायचं. शेवट कधी चुकला नाही. उलट गादीवर झोपलेल्या आम्हाला उचलून स्कूटरवर घालायचे, तेव्हा शेवट आमचा चुकायचा.

पेठेतला

मगज आणि बेसन लाडू यात फरक आहे. पण तो वेगळ्या धाग्यावर.

खानावळवाली

तो धागा तुम्हीच काढा, भांडण बघायला मी येईन.

सोलापूरचं कुणी नाही का इथे? तिथेही गिरण्या, तिथेही पाळ्या. चादरीच्या कारखान्यांत बायका स्वतः कामाला होत्या, त्यांचा शो कुठला होता ते कळायला हवं. आणि नागपूरवाल्यांनो, उन्हाळ्यात दुपारच्या शोला कूलर लावायचे की नुसते पंखे?